‘पेअर’ घेताय? आधी खालून बघा!

रविवारची संध्याकाळ. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून निघून, विरारला गाडी बदलून तुम्ही डहाणू लोकलमध्ये चढलात. बसायला जागा नाही. छातीशी घट्ट धरलेली, पेपरात गुंडाळलेली फुगीर पिशवी. आत सहा ‘आफ्रिकन सिक्लिड’, दोन पिवळे, चार निळे. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलंय, ‘दोन मेल, चार फीमेल, एकदम परफेक्ट सेट!’ पालघर जातं, बोईसर येतं, पिशवी सुखरूप घरी पोहोचते. पहिला आठवडा मस्त जातो. रील बनते, लाइक्स पडतात.

तिसऱ्या आठवड्यात एक मासा हीटरच्या मागे लपून बसलेला दिसतो. पर फाटलेले, अंगावरचे खवले गेलेले. चौथ्या आठवड्यात तो पाण्यावर तरंगतो. तुम्ही पाणी तपासता, औषध टाकता, खाणं बदलता. पण गडबड पाण्यात नसतेच. गडबड त्या ‘परफेक्ट सेट’मध्ये असते. पिशवीत दोन नर नव्हतेच, कदाचित चार होते. आणि तीन फुटांच्या टँकमध्ये चार दादा म्हणजे रोजची मारामारी.

‘लिंगनिदान’ म्हटलं की आपल्याला लगेच कायदा आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. माशांच्या बाबतीत मात्र गणित उलटं आहे. इथे नर-मादी ओळखता आलं नाही, तर जीव जातो.

गाबोळीची ट्रिक इथे चालत नाही

आपण पालघरवाले. सातपाटीचा मासळीबाजार हाकेच्या अंतरावर. मासा चिरला आणि आत गाबोळी निघाली की ती मादी, एवढं ज्ञान घरातल्या लहान पोरालाही असतं. पण टँकमधला मासा चिरून कसं चालेल? त्याला जिवंत ठेवून ओळखायचं, हाच तर खरा पेपर आहे.

त्यात हे मासे साधे नाहीत. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, एंजल हेही सिक्लिडच, पण ते अंडी दगडावर, पानावर किंवा काचेवर घालतात. आपल्या कोकणातलं कालुंदरही सिक्लिडच, आणि तेही अंडी चिकटवणाऱ्यांतलं. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातून आलेले यलो लॅब, ऑराटस, केन्यी, पीकॉक मात्र ‘माऊथब्रूडर’, म्हणजे अंडी तोंडात सांभाळणारे. मादी अंडी घालते, लगेच वळून ती तोंडात घेते आणि साधारण तीन आठवडे तिथेच ठेवते. या काळात ती जवळपास उपाशी असते. शेवटी तोंडातून बाहेर पडतात ती थेट पोहणारी पिल्लं!

नराच्या पोटाखाली मागच्या बाजूला जो पर असतो, त्यावर पिवळे-केशरी गोल ठिपके असतात. ते हुबेहूब अंड्यांसारखे दिसतात. वोल्फगांग विकलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1962 साली ‘नेचर’मध्ये मांडलं, की मादी हे ठिपके आपलीच राहिलेली अंडी समजून उचलायला जाते, तेवढ्यात नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं आणि अंडी तिथेच फळतात. निसर्गाचा हा जुगाड भारीच म्हणायचा. पण त्यातूनच ‘ठिपके आहेत म्हणजे नर’ हा गैरसमज पसरला. कित्येक जातींत मादीलाही ठिपके असतात. नराचे सहसा जास्त ठळक आणि रेखीव असतात, इतकंच. त्यामुळे ठिपका हा अंदाज आहे, पुरावा नाही.

रंगावर जाऊ नका

आता रंगाचं बघू. पीकॉकमध्ये नर निळा-लाल-पिवळा झगझगीत आणि मादी राखाडी-तपकिरी. सोपं वाटतं ना? मग ऑराटस बघा. पिल्लं आणि माद्या पिवळ्या, अंगावर काळे पट्टे. नर मोठा झाला की काळपट होत जातो. केन्यीमध्ये आणखी गंमत. पिल्लं निळी, मादी निळी आणि मोठा नर चक्क पिवळा! म्हणजे निळा तो मुलगा हा आपला हिशेब इथे सपशेल आपटतो. यलो लॅबमध्ये तर दोघंही पिवळे. दादा नराचे पर जास्त काळे दिसतात, पण काही माद्याही तशाच दिसतात.

दुकानात आपण घेतो ती दीड-दोन इंचांची पिल्लं. त्या वयात बहुतेक जातींत सगळे एकसारखेच. शिवाय दबलेला नर रंग दाखवतच नाही. टँकमध्ये एक दादा असला की बाकीचे नर मादीसारखे फिके राहून जीव वाचवतात. तो दादा काढला की काल जिला मादी समजत होतात, ‘ती’ रंगायला लागते. मासा बदललेला नसतो. तो आधीपासून नरच होता, फक्त गप्प होता.

याउलट, लहान वयातच भडक रंगलेले पीकॉक दिसले तर जरा सावध व्हा. नराचं हॉर्मोन देऊन पिल्लांना, अगदी माद्यांनाही, नरासारखा रंग आणता येतो. या व्यवसायात असे प्रकार होतात. घरी आणल्यावर काही आठवड्यांत रंग उतरतो आणि पैसेही गेलेले असतात.

मग खात्री कशी करायची?

शेपटीकडच्या बाजूने, पोटाखाली. माशाच्या पोटावर मागच्या पराच्या अगदी पुढे दोन छिद्रं असतात. डोक्याकडचं विष्ठेचं, शेपटीकडचं जननाचं. नरात दोन्ही साधारण सारखी, लहान. मादीत शेपटीकडचं छिद्र स्पष्ट मोठं आणि रुंद, कारण तिथून अंडी बाहेर यायची असतात. झालं, एवढंच रहस्य!

हे बघण्यासाठी मासा निदान अडीच इंचांचा हवा. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा. हात आणि जाळी ओली करून घ्या, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि रोग लागतो. जाळीतच मासा हलकेच उलटा करा, मित्राला मोबाइलवर जवळून फोटो काढायला सांगा आणि दहा-पंधरा सेकंदांत परत पाण्यात सोडा. हात लावायची भीती वाटत असेल तर मासा टँकच्याच पाण्यासकट पारदर्शक डब्यात घ्या आणि डबा उचलून खालून बघा.

एकाच माशाचा फोटो बघून निर्णय देऊ नका. एकाच जातीचे, एकाच आकाराचे पाच-सहा फोटो शेजारी ठेवा. फरक तुलनेत दिसतो. पहिल्या वेळी चुकाल, तिसऱ्या वेळी नजर बसेल. आणि जिचा गळा फुगलाय, जी खाणं टाकल्यावर पुढे येत नाही, तिला मात्र अजिबात पकडू नका. ती तोंडात पिल्लं धरून आहे. घाबरली तर थुंकून टाकेल.

तोंडात अंडी म्हणजे मादीच, हा नियम मलावीच्या या माशांपुरता पक्का. सगळ्या माऊथब्रूडरना तो लावू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या काळ्या हनुवटीच्या तिलापियात अंडी बाप तोंडात धरतो! टांगानिका सरोवरातल्या एरेटमोडस जातीत आधी आई, मग बाप अशी ड्यूटी बदलते.

हा छंद नाही, धंदाही आहे

ही छिद्रं बघायची कला फक्त हौशी लोकांची नाही. उजनीच्या काठावर ज्याला ‘चिलापी’ म्हणतात, तो तिलापियाही माऊथब्रूडर सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात 1952 साली आणला गेला. स्वस्त मासळी मिळेल, ही कल्पना. पण मादी दोन-तीन महिन्यांतच अंड्यावर येते आणि तोंडात जपल्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात. तळी बोटभर माशांनी भरून गेली. मोठा एकही नाही! शिवाय नर मादीपेक्षा लवकर वाढतो. म्हणून मत्स्यशेतीवाल्यांना ‘फक्त नर’ हवे झाले. आधी माणसं एकेक मासा हातात घेऊन निवडायची. तिलापियाच्या नराला दोन छिद्रं, मादीला तीन. नीट दिसावं म्हणून वर रंगाचा थेंबही लावायचे. पुढे पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे हॉर्मोनचं खाद्य देण्याची पद्धत आली.

हाच मोझांबिक तिलापिया आज जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर घुसखोर जातींच्या यादीत आहे. त्यामुळे जास्तीचे नर ‘सोडून देऊ तळ्यात’ म्हणून गावतळ्यात, विहिरीत किंवा सूर्या नदीत टाकू नका. तो पुण्याचा नाही, उपद्रवाचा मार्ग आहे.

मग करायचं काय? पिल्लं घ्यायची तर एका जातीची सहा-आठ घ्या, वाढू द्या, खालून तपासा आणि एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा. म्हणजे नराचा सगळा राग एकाच मादीवर निघत नाही. उरलेले नर दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या मित्राला द्या. घेतानाच दुकानदाराशी परत घेण्याचं बोलून ठेवा. पिशवी हातात आल्यावर ते बोलणं अवघड जातं.

आणि पुढच्या रविवारी कोणी ‘एकदम पक्की पेअर आहे, डोळे झाकून घ्या’ म्हणालं, तर पैसे काढायच्या आधी डोळे उघडे ठेवून एकच विचारा, ‘दादा, जरा खालून बघू का?’ दुकानदार हसून मासा डब्यात काढून दाखवत असेल, तर त्याचं दुकान लक्षात ठेवा.