नगरसेवक नव्हते, तरी पाणी येतच होतं

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तीन-चार जणांनी विचारला होता. पुणे महापालिकेत जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते. तरी नळाला पाणी आलं, घंटागाडी आली, रस्त्यावरचे दिवे लागले. मग नगरसेवक हवेत कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. चहाच्या टपरीवरसुद्धा आपण तो ऐकतो. म्हणून आजचा वेळ त्यालाच देऊ.

आधी घडलं काय, ते पाहू. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात होते, निवडणूक लांबत गेली. आयुक्तच प्रशासक झाले. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. खरं तर राज्यघटनेच्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्ट म्हटलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली ती मुख्यत: ह्यासाठीच, की राज्य सरकारांनी शहरं वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती ठेवू नयेत. तेच झालं. आणि फारसं कुणाला खटकलं नाही, हे आम्हाला जास्त विचार करण्यासारखं वाटतं.

का खटकलं नाही? कारण आपण महापालिकेकडे दुकानासारखं पाहायला लागलो आहोत. कर भरला, सेवा मिळाली, व्यवहार पूर्ण. नाही मिळाली तर ॲपवर तक्रार. ह्यात चुकीचं काही नाही. तुंबलेलं ड्रेनेज उपसून घ्यायला तत्त्वज्ञान लागत नाही! पण तक्रार करणारा ग्राहक असतो. ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात विचारलंय की नागरिक म्हणजे कोण? नुसतं त्या नगरात राहण्यानं माणूस नागरिक होत नाही, असं तो म्हणतो. निर्णय करण्यात ज्याचा वाटा असतो तो नागरिक. (त्यानं बायकांना आणि गुलामांना त्यातून वगळलं होतं, तो त्याचा मोठा दोष. पण व्याख्या कामाची आहे.)

आता हा 'वाटा' प्रत्यक्षात कुठं असतो? एखादा प्रस्ताव महापालिकेत कसा फिरतो ते बघा. समजा, एखाद्या रस्त्याखालची जुनी जलवाहिनी बदलायची आहे. पाणीपुरवठा विभाग प्रस्ताव करतो, आयुक्तांची मान्यता घेतो, मग तो स्थायी समितीपुढं जातो. स्थायीत १६ सदस्य. काही विषय त्यापुढं मुख्य सभेत जातात. कार्यपत्रिका निघते, सदस्य लेखी प्रश्न देतात, उपसूचना मांडतात, कुणी सभा तहकूब करायला लावतो. वार्षिक अंदाजपत्रकाचंही तसंच. आयुक्त ते स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात फेरफार करते, मुख्य सभा मंजूर करते. प्रशासकाच्या काळात काय झालं? आयुक्त म्हणून ज्यांनी प्रस्ताव मांडला, त्यांनीच स्थायी समिती म्हणून तो मान्य केला आणि मुख्य सभा म्हणून ठराव केला. खुर्च्या तीन, माणूस एकच. तो माणूस कितीही कार्यक्षम आणि सज्जन असो, 'हे का करताय?' असं त्याला सगळ्यांसमोर विचारणारं त्या दालनात कुणी नव्हतं.

आमचा मुद्दा एवढाच आहे. सेवा मिळत होती. सेवेमागचं कारण विचारायची जागा नव्हती.

अशा जागेचं मोल काय, ते पुण्याच्याच इतिहासात दिसतं. महात्मा जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले, तेही निवडून नव्हे, सरकारनियुक्त म्हणून. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार, तर स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करायचा असा विषय आला. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. पण ते विरोधी मत सभेत मांडलं गेलं, आणि म्हणून जवळपास दीडशे वर्षांनी आपण त्याबद्दल बोलतोय. प्रशासकाच्या ठरावाला विरोधी मतच नसतं. त्यामुळं पुढं कुणी तो कागद काढून पाहिला, तर वाटेल की चार वर्षं ह्या शहरात कुणाला काही वेगळं म्हणायचंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकी आहे. मग सिंहगड रस्त्याकडं चला.

२०२१ च्या जूनअखेरीस २३ गावं महापालिकेत घेतली गेली. त्यात नांदेड आहे, किरकटवाडी आहे, खडकवासला आहे, नऱ्हे आहे. गाव पालिकेत आलं की ग्रामपंचायत संपते. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. ग्रामसभा भांडकुदळ असेल, पण तिथं म्हातारी आजीसुद्धा उभी राहून 'आमच्या विहिरीचं काय केलंस रे?' असं सरपंचाला विचारू शकत होती. त्या बदल्यात नगरसेवक मिळायचा, तर निवडणूकच नाही. म्हणजे साडेचार वर्षं ह्या गावांना ना सरपंच, ना स्वत: निवडलेला नगरसेवक. मालमत्ता कराची बिलं मात्र आली!

जानेवारी २०२५ मध्ये ह्याच भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. मग शहराला कळलं की ह्या गावांना मिळणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतच नाही. नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरिन टाकून दिलं जातंय. शहराला *तेव्हा* कळलं. तिथल्या रहिवाशांना आधीच माहीत होतं. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण 'आमच्या पाण्यावर प्रक्रिया का होत नाही, कधी होणार, पैसे कुठल्या वर्षी ठेवलेत?' हा प्रश्न सभागृहात विचारला गेला असता, त्याचं लेखी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ते छापून आलं असतं. आजाराआधी.

नगरसेवकांची आरती ओवाळायचा आमचा विचार नाही, बरं का. बाकडी, कापडी पिशव्या आणि चौकाचौकांतले स्वत:च्या नावाचे फलक ह्यांवर गेलेला पैसा पुणेकरांनी पाहिलाय. 'वर्गीकरण' हा शब्द तर नागरिकांनी पाठच करावा: एका कामासाठी अंदाजपत्रकात ठेवलेली रक्कम ठरावानं दुसऱ्या कामाकडं वळवणे. कधी त्याची गरज असते, कधी जलवाहिनीचे पैसे कमानीला जातात. पण त्यासाठी ठराव लागतो, त्यावर सूचक-अनुमोदकाची नावं असतात. नावं असली की जाब विचारता येतो.

आता ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक आलेत. तर आपण काय पाहायचं?

'येत्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' ही बातमी आली की आपण बादल्या भरतो. भराव्यातच. पण त्यासोबत एक प्रश्न विचारा: देखभालीचं कुठलं काम आहे, आणि ते ह्याच टाकीवर वर्षात कितव्यांदा निघालं? कागद पाहायला मिळतात. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत बरीच वर्षं होती, आणि २०१८ साली राज्य शासनानंही अशी वेळ ठेवायला कार्यालयांना सांगितलं. मोठ्या फायलीपासून सुरुवात करू नका, दमाल. आपल्या गल्लीतल्या एका कामाची निविदा आणि त्याचं बिल, एवढंच मागा.

दुसरं, नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुण्यानं ही पद्धत २००६ च्या सुमारास घेतली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं. रक्कम फार नसते. बहुतेक अर्ज पदपथ, दिवे, बाकं ह्यांचे असतात आणि लोक अर्ज टाकून विसरतात. अर्जाची पोच सांभाळून ठेवा. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम आलं का ते बघा. नसेल, तर का वगळलं ते प्रभाग समितीत विचारा. प्रशासकाच्या काळात ही समितीच नव्हती, अर्जांची छाननी अधिकारीच करत. आता ती आहे.

आणि नांदेड-किरकटवाडीकडची मंडळी हे ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी: शुद्धीकरण केंद्राच्या कामासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली आहे, तो आकडा आपल्या नगरसेवकांना लेखी विचारा. आणि वर्षाच्या मध्यावर पुन्हा विचारा, त्यातून वर्गीकरण किती झालं.