दुरुस्त फाइल आणि जुने उत्तर

एका पतपेढीच्या व्याजाचा हिशेब आम्ही पायथॉन या संगणकभाषेत मांडीत बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. दहा हजार रुपयांवर वर्षाचे व्याज संगणकाने ९०० रुपये सांगितले. दर ९ नव्हे, ८ टक्के हवा होता, चूक आमचीच. फाइलीत ९ चे ८ केले, ती जतन केली आणि पुन्हा ‘इम्पोर्ट व्याज’ अशी आज्ञा दिली. उत्तर आले ९००! फाइल पुन्हा उघडून पाहिली. तीत ८ च होते. तो आकडा कुणा ठेवीदाराच्या पासबुकात उतरला असता तर आमची काय शोभा झाली असती, हे सांगायला नको.

संगणकात बिघाड नव्हता. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेत सबंध प्रोग्रॅम एका दमात चालविता येतो. तसेच समोर बसून एकेक ओळ द्यावी आणि एकेक उत्तर घ्यावे, अशी सोयही आहे. या दुसऱ्या रीतीला आपण बैठक म्हणू. बैठकीत आणलेले सारे ती उठेपर्यंत संगणकाच्या स्मृतीत राहते, आणि आमचा घोटाळा नेमका तेथेच होता.

दुसऱ्या फाइलीतला मजकूर, म्हणजे मॉड्यूल, आपल्या कामात आणणे याचे नाव इम्पोर्ट. पहिल्या आज्ञेला पायथॉन फाइल शोधतो, वरपासून खालपर्यंत चालवितो आणि तयार झालेले मॉड्यूल ‘सिस.मॉड्यूल्स’ नावाच्या नोंदवहीत मांडून ठेवतो. तीच आज्ञा पुन्हा आली की तो आधी नोंदवही पाहतो. नाव सापडले की फाइलीकडे ढुंकूनही पाहत नाही. हा आळस नव्हे. एकाच प्रोग्रॅमचे दहा भाग तेच मॉड्यूल मागतात. प्रत्येकासाठी फाइल नव्याने चालविली तर वेळ जाईलच, शिवाय दहा जणांपाशी दहा निरनिराळ्या प्रती होतील.

मग दुरुस्ती पोचवावी कशी? त्यासाठी ‘रीलोड’ आहे. पूर्वी ही आज्ञा हाताशीच असे. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती मुद्दाम मागवावी लागते, आणि आज ती ‘इम्पोर्टलिब’मध्ये मिळते. रीलोड फाइल पुन्हा चालविते खरी, पण जुन्याच घरात नवे सामान लावते. फाइलीतून आपण खोडून टाकलेले नाव घरात तसेच राहते. त्याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. ‘फ्रॉम व्याज इम्पोर्ट दर’ असे लिहून दर आधीच थेट बैठकीत घेतला असेल, तर रीलोडनंतर ‘व्याज.दर’ ८ सांगेल आणि आपला नुसता ‘दर’ मात्र ९ च सांगत राहील! जुन्या क्लासावरून घडविलेल्या वस्तूही जुन्याच क्लासाच्या राहतात. आणि व्याज या मॉड्यूलाने स्वतः दुसरे एखादे मॉड्यूल आणले असेल, तर ते या आज्ञेने ताजे होत नाही.

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेल्या आयपायथॉनमध्ये ‘ऑटोरीलोड’ची सोय आहे. फाइल बदलली की ती आपण होऊन मॉड्यूल ताजे करते. रोजच्या चाचपणीला ती उत्तम. तिलाही सगळेच जुने धागे सापडतात असे नाही.

त्या दिवशी आम्ही शेवटी बैठक बंद केली, नवी उघडली आणि पहिल्या ओळीपासून सारे चालविले. ८०० आले.