वसतिगृहातून विद्यालय : साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलाचा इतिहास

शाळेचा इतिहास सामान्यतः इमारतीच्या कोनशिलेपासून सुरू होतो आणि मुख्याध्यापकांच्या नामावळीपाशी संपतो. साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कुलाच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी पडत नाही. हे विद्यालय १९४० साली स्थापन झाले. परंतु त्याच्या इतिहासाचा आरंभ निदान सोळा वर्षे मागे, म्हणजे १९२४ च्या सातारा येथील वसतिगृहात शोधावा लागतो. येथे शाळेने वसतिगृह काढले नाही, वसतिगृहाने शाळा काढली. या क्रमातच त्या विद्यालयाचे वैशिष्ट्य आहे, आणि पुढे त्याच्यापुढे उभ्या राहिलेल्या अडचणींचे मूळही त्यातच आहे.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील शिक्षणाची शिडी कशी होती हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मराठी चार इयत्ता झाल्यावर वाट फुटत असे. एक वाट मराठी सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपाशी थांबे. तिच्या शेवटी प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी असे. दुसरी वाट इंग्रजी पहिलीत शिरून सात इयत्तांनंतर मॅट्रिकला पोहोचे, आणि वकिली, कॉलेज, कचेरीतील वरच्या जागा या सर्वांचे दरवाजे त्या पलीकडे होते. पहिली वाट पुष्कळ खेड्यांतून निघत असे. दुसरी मात्र शहरांतून आणि काही थोड्या तालुक्याच्या गावांतूनच निघे. १८५४ च्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व आणले, आणि १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षण शक्य तेथे खाजगी प्रयत्नांकडे सोपवावे, सरकारने जिल्ह्यास एखादे नमुनेदार हायस्कूल ठेवावे, असे सुचविले. प्राथमिक शिक्षण हे लोकल बोर्डाचे काम ठरले; माध्यमिक शिक्षण मात्र कोणाचेच बंधनकारक काम राहिले नाही.

याचा प्रत्यक्ष अर्थ काय होत असे, हे बारामती तालुक्यातील काटेवाडीसारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणले म्हणजे कळते. १८८५ साली खुल्या झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या मुलखातील काही शेतकऱ्यांच्या हाती बागायतीचा पैसा आणला, आणि याच काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. म्हणजे गावात जाणीव नव्हती असे नाही. तथापि लोकल बोर्डाचा हात प्राथमिक शाळेपर्यंतच पोहोचत असे. इंग्रजी शिकावयाचे तर दोनतीन कोसांवरचे बारामती गाठणे भाग होते, आणि तेथली शाळाही पुण्यात १८६० साली वामन प्रभाकर भावे, वासुदेव बळवंत फडके व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांनी स्थापिलेल्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची. शहरातील संस्थेने तालुक्याच्या गावी शाखा काढावी, हा प्रश्नाचा एक तोडगा होता, आणि तो चांगलाही होता. परंतु त्याचा लाभ ज्याच्या घरी फीचे पैसे आहेत आणि ज्याचे हात शेतात नसले तरी चालते, अशा मुलालाच होई. कोसांचे अंतर पायी कापता येते. खर्चाचे अंतर तसे कापता येत नाही.

दुसरा तोडगा कोल्हापुरास निघाला. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. मुलाला शहरात आणावे, त्याच्या अन्ननिवाऱ्याची सोय करावी, म्हणजे शहरातील शाळा त्याला आपोआप खुली होईल, असा हा विचार होता. वसतिगृहे जातवार असल्याने पैसा उभा करणे सोपे गेले, आणि त्या काळी तेच शक्य होते असे म्हणण्यास जागा आहे. तथापि या व्यवस्थेची मर्यादा ज्याला स्वतःच्या अंगावर भोगावी लागली असा एक विद्यार्थी तेथेच शिकत होता. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पायगौंडा पाटील हे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहात असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते १९०८ साली गेले, आणि परतल्यावर शुद्धीकरणाचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले नाहीत. पुढे ज्यांच्या संस्थेतून हजारो मुले मॅट्रिक झाली, त्या गृहस्थांचे स्वतःचे मॅट्रिक राहूनच गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने भाऊराव सातारा जिल्ह्यातील खेडोपाडी हिंडले. सत्यशोधक चळवळीशी त्यांचा संबंध होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे काम साताऱ्यास हलविले. येथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहात, एका पंक्तीस जेवत, आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे आळीपाळीने करीत. ज्या साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले, पण ज्यांना वर्गात वेगळे बसावे लागले, त्याच गावात पाव शतकानंतर हा प्रयोग चालू होता. महात्मा गांधींनी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी या वसतिगृहास भेट दिली आणि त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

वसतिगृहाच्या अर्थव्यवस्थेकडे इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. देणग्या येत, पण त्या अनिश्चित. खेड्यांतून घरोघर मूठमूठ धान्य गोळा करण्याची मुष्टिफंडाची पद्धत होती. धान्य सुगीत मिळे, दुष्काळात आटे. टंचाईच्या दिवसांत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मुलांच्या जेवणापायी मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. अशा स्थितीत अन्नाचा खर्च कसाबसा निघे, पण मुलगा इंग्रजी शाळेत घातला की फीचा रोख खर्च उभा राही, आणि रोख पैसा हीच तर शेतकऱ्याच्या घरची सर्वांत दुर्मिळ वस्तू. म्हणजे वसतिगृहाने अंतराचा प्रश्न सोडविला. फीचा प्रश्न दुसऱ्याच्या शाळेच्या दारात तसाच उभा राहिला.

त्यातच खालून येणारा प्रवाह वाढू लागला. संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. तेथून तयार झालेले शिक्षक १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या अनुदान योजनेच्या आधाराने खेड्यांतील व्हॉलंटरी शाळांवर जाऊ लागले. देवळात, चावडीत, कोणाच्या तरी ओसरीवर भरणाऱ्या या एकशिक्षकी शाळांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेल्याची नोंद आहे. चौथी पुरी केलेला हुशार मुलगा आता पूर्वीसारखा अपवाद राहिला नाही. त्याला पुढे कोठे पाठवावयाचे, हा प्रश्न शिक्षकाने विचारला की उत्तर संस्थेलाच द्यावे लागे.

ते उत्तर म्हणजे १९४० चे महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ६ फेब्रुवारी १९३९ रोजी दिवंगत झाले होते. आपल्या राज्यात त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्वत्र सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. मोफत माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देणे म्हणजे त्याच धोरणाचे पाऊल एक इयत्ता पुढे टाकणे होते. नावातील दोन विशेषणे, मोफत आणि निवासी, ही शोभेची नव्हती. फी नाही आणि घरून पैसा नाही. त्याबदली विद्यार्थ्याने श्रम करावयाचे, हा करार होता. तुलनेसाठी सांगावयाचे तर इंग्लंडात १९०७ च्या नियमांनी अनुदानित माध्यमिक शाळांतील सुमारे चतुर्थांश जागा फीमुक्त ठेवण्याचा दंडक घातला, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळांतील फी १९४४ च्या कायद्याने बंद झाली. तेथे हे काम राज्याच्या तिजोरीने केले. साताऱ्यास तिजोरी नव्हती. विद्यार्थ्यांचे हात होते.

या श्रमाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ घोटाळा आढळतो. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम होते. गणित, भूगोल, भाषा हे सर्व टकळीभोवती गुंफावयाचे होते. साताऱ्याच्या विद्यालयात तसे नव्हते. तेथील अभ्यासक्रम मॅट्रिकचाच होता, तेच इंग्रजी, तेच बीजगणित, तेच संस्कृत. श्रम वर्गाबाहेर होते. माळरान फोडून शेते करणे, दगड काढणे, विहिरी खोदणे, इमारती बांधणे, पाणी शेंदणे, स्वयंपाक करणे ही कामे विद्यार्थी करीत आणि त्या कमाईवर शिक्षण चाले. या दृष्टीने हे विद्यालय वर्ध्यापेक्षा अमेरिकेतील टस्कीगीच्या अधिक जवळचे होते. बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून चालविलेल्या त्या संस्थेत विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या होत्या. मात्र टस्कीगीवर असा आक्षेप आला की कारागिरी शिकवून ती कृष्णवर्णीयांना उच्च शिक्षणापासून दूर ठेवते. साताऱ्यावर तो येऊ शकत नाही. कुदळ मारून आलेल्या मुलाला येथे वरच्या वर्गांच्याच परीक्षेस बसविले जाई. किंबहुना भाऊरावांचा हिशेब व्यवहारी होता : समाज ज्या शिक्षणाला मान देतो तेच आपल्या मुलांना मिळाले पाहिजे, दुय्यम प्रतीचे, निराळे, ‘ग्रामीण’ असे काही नको. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने वर्धा योजना अधिक मूलगामी होती यात शंका नाही. परंतु कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला मॅट्रिक हवे होते, आणि ते त्याला साताऱ्याने दिले.

उणीव नव्हती असे नव्हे. दिवसभराच्या कष्टानंतर अभ्यासाला बसणारा मुलगा आणि घरच्या दिव्याखाली बसणारा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेला सामोरे जात. ही विषमता श्रमप्रतिष्ठेच्या गौरवाने झाकली जाते, नाहीशी होत नाही. शिवाय हा सारा आराखडा मुलग्यांचा होता. मुलीला घरातून काढून दूरच्या वसतिगृहात ठेवावयाचे, ही गोष्ट त्या काळच्या खेड्यातील आईबापांना पटविणे फार कठीण होते.

स्वातंत्र्यानंतर विद्यालयाला आणि संस्थेला अवघड प्रसंगातून जावे लागले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी केलेल्या जाहीर टीकेवरून मुंबई सरकारशी संघर्ष झाला आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. ज्या संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ असे होते तिचीच ही परीक्षा होती. लोकांनी वर्गणी दिली, शिक्षकांनी ओढगस्त सोसली, शाळा चालू राहिल्या. आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. ते सुरू व्हावे लागले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. एक वसतिगृह मुष्टिफंडावर चालते. माध्यमिक शाळांचे जाळे चालत नाही.

आणि जाळे तर विणले जात होतेच. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता. महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसणारी ‘महात्मा गांधी विद्यालये’ ही त्याची खूण होय. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले त्या सुमारास संस्थेची माध्यमिक विद्यालये १०८ आणि वसतिगृहे ३८ असल्याचे सांगितले जाते. या दोन आकड्यांत एक स्थित्यंतर दडलेले आहे. १९२४ मध्ये वसतिगृह हे साध्य होते आणि शाळा दुसऱ्याची होती. १९५९ मध्ये शाळा वसतिगृहांच्या जवळजवळ तिप्पट झाल्या होत्या. मुलाला शाळेकडे आणण्याऐवजी शाळा मुलाकडे जाऊ लागली. शहरातील जुन्या संस्थांनी जो तोडगा काढला होता त्याकडेच रयत शिक्षण संस्था वळली, फरक इतकाच की तिच्या शाळा तालुक्याच्या गावाशी न थांबता त्याही खाली उतरल्या.

त्याच सुमारास दुसरा बदल झाला. १९५९ नंतर आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना सरकारने फीमाफी दिली. वार्षिक बाराशे रुपये उत्पन्नाची ती मर्यादा एका पिढीला तोंडपाठ होती. ज्या ‘मोफत’ या शब्दासाठी साताऱ्याच्या मुलांनी माळ फोडला, तो शब्द आता सरकारी अर्जावरील एक रकाना झाला. १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला होऊ लागली आणि इंग्रजी पहिली ते सातवीची जुनी शिडी आठवणीपुरती उरली. महाराजा सयाजीराव विद्यालय इतर अनुदानित शाळांच्या रांगेत येऊन बसले. ‘कमवा व शिका’ ही कल्पना मात्र महाविद्यालयांत व विद्यापीठांत योजना म्हणून रुजली. तेथे तासांचा हिशेब ठेवून मानधन दिले जाते. काटेवाडीच्या शाळेतून बारामतीच्या शाळेत गेलेले शरद पवार पुढे याच रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्ष झाले, तेव्हा संस्थेपुढचे प्रश्न वर्गखोल्यांचे, शिक्षक-मान्यतेचे आणि तुकड्यांचे होते. साताऱ्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी अंगमेहनतीने लागवडीस आणलेली जमीन मात्र संस्थेच्या मालमत्तेच्या नोंदीत आजही संशोधकाने पाहण्यासारखी आहे. कोणत्या वर्गाने कोणते शेत तयार केले, हे तीत लिहिलेले नसते.