शांघायची जमीन : मूल्य १३३ पट, क्षेत्र पाच पट

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत, म्हणजे परदेशीयांच्या कारभाराखालच्या भागात, करआकारणीस पात्र जमिनीचे मूल्य १८६५ साली ५६ लाख ८० हजार ताएल चांदी होते. १९३३ साली ते ७५ कोटी ६५ लाखांवर गेले, म्हणजे १३३ पट झाले. क्षेत्र मात्र ४,३१० मूवरून २२,३३० मूवर गेले, म्हणजे जेमतेम पाच पट. सहा मूंचा साधारण एक एकर होतो. बाकीची वाढ दराची आहे : मूला १,३१८ ताएल होते, ते ३३,८७७ झाले.

ही चढण सलग नाही. १९०७ ते १९११ या काळात क्षेत्र नऊ टक्क्यांनी वाढले आणि एकूण मूल्य सहा टक्क्यांनी घटले. उलट १९२७ ते १९३० या तीनच वर्षांत दर ४५ टक्क्यांनी चढला.

कागदोपत्री परदेशी माणूस या जमिनीचा मालक नव्हता. १८४५ च्या नियमांनी त्याला कायमचा भाडेपट्टा दिला. त्यापोटी तो चिनी सरकारला मूमागे वर्षाला १,५०० तांब्याची नाणी देई. पट्ट्यावर चिनी अधिकाऱ्याचा शिक्का असे, नोंद मात्र परदेशी वाणिज्य दूतावासात होई. या नोंदीला एवढी पत होती, की अनेक चिनी धन्यांनी स्वतःची जमीन परदेशी नावावर ठेवली. १९३० साली वसाहतीच्या १० लाख ७ हजार वस्तीत परदेशी होते ३६,४७१, म्हणजे ३.६ टक्के. जमिनीच्या नोंदवहीतून ही वस्ती ओळखता आली नसती.

११ जानेवारी १९४३ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांनी चीनशी वेगवेगळे करार करून तिथले आपले विशेषाधिकार, म्हणजे मुख्यतः आपल्या नागरिकांवरचा स्वतंत्र न्यायाधिकार, सोडले. ब्रिटिश करारात भारतही पक्ष होता आणि भारतातर्फे स्वतंत्र सही झाली. त्या दिवशी शांघाय जपानच्या ताब्यात होते. वाटाघाटी चालल्या त्या हातात नसलेल्या शहराबद्दल. अमेरिकी कराराच्या कलम ४ नुसार जमिनीवरचे जुने हक्क केवळ फसवणूक किंवा अप्रामाणिक व्यवहार याच कारणावरून रद्द होऊ शकत होते. चीनला पट्टे बदलून मालकीपत्रे द्यायची असतील, तर ती विनाशुल्क द्यायची होती. माझ्या मते करारातले सर्वांत महाग वाक्य हेच : चीनला न्यायाधिकार परत मिळाला, जमीन नाही.

१९४९ च्या मे महिन्यात शांघाय कम्युनिस्टांच्या हाती गेले. १९८२ च्या राज्यघटनेने शहरी जमीन सरकारी मालकीची ठरवली. १९९० च्या नियमांनुसार वापराचा हक्क घरासाठी जास्तीत जास्त ७० वर्षे, उद्योगासाठी ५० आणि व्यापारासाठी ४० वर्षे मिळतो.