शपथ आणि सदसद्विवेक

सैनिकाची निष्ठा व्यक्तीशी की राष्ट्राशी? २ ऑगस्ट १९३४ रोजी जर्मन सैन्याकडून देशाऐवजी हिटलरच्या नावे शपथ घेवविण्यात आली, तेव्हा हा प्रश्न बिकट झाला. त्या शपथेने अनेक अधिकाऱ्यांचे हात बांधले गेले. जनरल बेक यांनी मात्र युद्धनीतीस विरोध करून १९३८ साली पदत्याग केला. २० जुलै १९४४ रोजी कर्नल श्टाउफेनबर्ग यांनी हिटलरच्या बैठकीत बाँब ठेवला. हिटलर बचावला, श्टाउफेनबर्ग व बेक दोघेही मध्यरात्रीच्या सुमारास प्राणांस मुकले. कट फसला, तरी प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर पश्चिम जर्मनीच्या १९५६ च्या सैनिक-कायद्यात आढळते : मानवी प्रतिष्ठेस बाधक अशी आज्ञा न पाळणे ही अवज्ञा नव्हे. शिस्तीलाही न्यायाची मर्यादा असते, ती ही.