बेसची जवारी

बेस गिटारच्या सगळ्यांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी बोट दाबलं, की निघणाऱ्या स्वराची कंपनं सेकंदाला ४९ भरतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणजे भारतात बेस वाजवणाऱ्याच्या खोलीत विजेचाही एक स्वर दडलेला असतो. तो बेसच्या खर्जाला जवळजवळ लागून असतो, पण सुरात नसतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, त्यामुळे तिथली घूं दोन स्वरांच्या बरोबर मध्ये पडते आणि कानाला परकी म्हणून लगेच कळते. आपल्याकडे ती बेसच्या आवाजात मिसळते आणि आपल्याला वाटतं, वाद्यच गढूळ वाजतंय. उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारसारख्या वस्तीत, जिथे घरं जुनी आणि वायरिंग पिढ्यापिढ्यांनी जोडत नेलेलं, तिथे अर्थिंग कच्चं असलं तर हा त्रास आणखी वाढतो. हौशी वादक मग आधी पिकअप बदलतो, नंतर अ‍ॅम्प, आणि शेवटी बेसच विकून वरच्या किमतीचा आणतो. घूं जागची हलत नाही, कारण ती भिंतीतून येत असते. हौशी बेसवादकाने खरेदीआधी दुखणं शोधावं, आणि बहुतेक वेळा ते दुखणं वाद्याच्या दर्जात नसून त्याच्या सांध्यांत असतं, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. तार जिथे पडद्याला टेकते, वायर जिथे सोल्डरला टेकते, प्लग जिथे जॅकला टेकतो, त्या या जागा.

बागबाजारचं नाव या संदर्भात घ्यायला मराठी माणसाला आणखी एक कारण आहे. तिथे आजही मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा सेनापती भास्करपंतांबरोबर बंगालवर चालून गेल्या, तेव्हा १७४२ साली कोलकातेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता, तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. १७५६मध्ये आला तो बंगालचा नवाब सिराजउद्दौला. बागबाजारच्या बाजूचा त्याचा पहिला हल्ला परतवला गेला, पण त्याची फौज दुसरीकडून शहरात शिरली. संकट नीट न ओळखता केलेल्या खर्चाचं हे जुनं उदाहरण आहे. तो खंदक बुजवून त्यावर पुढे रस्ता झाला, गल्लीचं नाव मात्र राहिलं.

बागबाजारातून दक्षिणेकडे निघालेला चितपूर रोड, म्हणजे आजची रवींद्र सरणी, कुमारटुली आणि जोडासांकोवरून लालबाजारकडे जातो. कोलकात्याच्या वाद्यव्यवसायाची ही जुनी वाट. सतारीच्या कारागिरांपासून बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांपर्यंत सगळं या रस्त्याच्या आसपास वाढलं. परदेशी वाद्य उघडून पाहायचं, त्याचं मर्म समजून घ्यायचं आणि आपल्या बैठकीला सोयीचं करून घ्यायचं, ही या शहराची सवय. द्वारकानाथ घोषांच्या ‘द्वारकिन’ या वाद्यांच्या पेढीने १८७५च्या सुमारास पायांनी भाता मारायच्या हार्मोनियमला हाताचा भाता दिला आणि वाद्य मांडी घालून वाजवता येऊ लागलं. आपल्या संगीत नाटकांतली आणि कीर्तनांतली पेटी याच वळणाची. हवाईयन गिटारचंही तसंच झालं. बटुक नंदी आणि सुनील गांगुली यांच्या हातून ती बंगाली घरांत रवींद्रसंगीत वाजवू लागली. आपले व्ही. जी. जोग व्हायोलिन घेऊन याच शहरात स्थिरावले. या तिन्ही वाद्यांना परदेशातलं नवं मॉडेल आलं की जुनं टाकून द्यायचं, असं कोणी केलं नाही. रविशंकरांच्या सतारी घडवणारे नोडू मल्लिक परदेशच्या दौऱ्यांत त्यांच्या मागे तानपुऱ्याला बसत. थोर वादकाने प्रवासात कारागीर बरोबर नेला, याचा अर्थ बेसवादकाने नीट लक्षात घ्यावा.

मराठी वाचकाला हे मिरजेवरून लगेच समजेल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या कारागिराची खरी परीक्षा जवारीत होते. भोपळा उत्तम, तूनचं लाकूड उत्तम, आणि घोडीचा माथा बिघडलेला, तर तानपुरा बोलत नाही. तारेच्या घासण्याने घोडीवर बारीक खाच पडते, आवाज बसतो, आणि कारागीर कानसेने तो माथा पुन्हा घासून तार मोकळी करतो. जवारी बसली म्हणून नवा तानपुरा घेणाऱ्याला आपण वेड्यात काढू. बेस गिटारला नेमकी अशीच जवारी असते. ‘सेटअप’ या नावाखाली ती चार-पाच कामांत वाटली गेली आहे, आणि ती काढलेली नसताना लोक नवा बेस घेतात.

बेस गिटार हे तसं तरुण वाद्य. लिओ फेंडर यांनी १९५१च्या शेवटी प्रिसिजन बेस बाजारात आणला, तोवर खर्जाची जबाबदारी माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसवर होती. त्याला पडदे नसत, तो उचलून न्यायला जड, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गर्दीत ऐकूही येत नसे. फेंडर यांनी पडदे बसवले, स्वर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची बोलती लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली, आणि आजही बहुतेक बेस याच मापाचे असतात. या लांबीवर चार जाड तारा सुरात आणल्या की दांडीवर मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण येतो. अंगठा-तर्जनीच्या पकडीत मावणारी ती लाकडी पट्टी अहोरात्र एवढा भार ओढून धरते. तिला आतून आधार देण्यासाठी लांबीभर एक पोलादी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारा दांडीला पुढे वाकवतात, सळई मागे खेचते, आणि दोघींच्या ओढाताणीत दांडीला हलकासा बाक राहतो. कोलकात्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते, डिसेंबर-जानेवारीत हवा बरीच कोरडी होते. लाकूड ओल पितं, सोडतं, आणि हा बाक ऋतूप्रमाणे बदलतो. श्रावणात तारा उंच आणि जड वाटतात, माघात त्याच तारा पडद्यांवर खरखरू लागतात. वाद्य तेच असतं, ऋतू बदललेला असतो.

हा बाक तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. तार पहिल्या पडद्यावर डाव्या हाताने दाबायची, आणि दांडी जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर उजव्या हाताने. ताणलेली तार आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या पडद्याच्या डोक्यावर तारेखाली किती फट दिसते ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी असली तर ठीक. जास्त असली तर अ‍ॅलन पान्याने रॉड किंचित आवळायचा, फटच नसली तर किंचित सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुन्हा सुरात लावून लाकडाला बसायला वेळ द्यायचा. घाईने पूर्ण फेरा मारणाऱ्यांनी रॉड तोडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून हात आवरता ठेवणं हाच यातला निम्मा अभ्यास. त्यानंतर घोडीवरचे स्क्रू फिरवून तारांची उंची लावायची. शेवटी बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर जुळतात का ते ऐकायचं. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरची ती बैठक मागे सरकवून तार लांब करायची, उतरा असेल तर पुढे आणायची. हे झालं की ‘वरच्या पडद्यांवर बेसुरा’ म्हणून विकायला काढलेला बेस सुरात येतो. तारा जुन्या असतील तर मात्र आधी त्या बदला. वळणांत घाम आणि मळ साचलेली तार कितीही लावली तरी जुळत नाही.

विजेच्या बाजूचे आजारही असेच साधे असतात. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, कारण पॉटच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा गरगर फिरवलं की बहुधा ती जाते. आवाज येतो-जातो, कारण जॅकचा नट ढिला झालेला असतो. तो नुसता बाहेरून आवळला की आतला जॅक सोबत फिरतो आणि वायर सोल्डरपासून तुटते, म्हणून झाकण उघडून, आतून धरूनच आवळायचा. अ‍ॅक्टिव्ह बेसचा आवाज अचानक मेला, तर आतली ९ व्होल्टची बॅटरी संपलेली असण्याची शक्यता सगळ्यांत मोठी. केबल जॅकमध्ये खोचली की प्रीअ‍ॅम्प सुरू होतो, आणि केबल रात्रभर तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर झिजते. फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ या दोन पिकअपच्या मॉडेलवाल्यांची एक तक्रार असते, की एक व्हॉल्यूम कमी केला की घूं सुरू होते. तो बिघाड नव्हे. दोन पिकअपची वेटोळी उलटसुलट असतात, दोन्ही सारखे उघडे असताना ती एकमेकांची घूं खोडतात, एक मागे सरलं की दुसरं उघडं पडतं. प्रिसिजनचं पिकअप १९५७पासून दोन तुकड्यांचं झालं, त्यात हीच युक्ती एकाच जागी साधली आहे. आणि प्लगची अर्थची पिन काढून घूं घालवायचा उपाय कोणी सांगितला तर तो कधीही करू नये. ३ मे १९७२ला वेल्समधल्या स्वान्सीत गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच गेला. खोलीचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणं, हा मी बेसवरचा पहिला खर्च मानतो.

अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात. पन्नास वॉटचा शंभर केला तर आवाज दुप्पट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तीन डेसिबल वाढतो, म्हणजे जाणवण्यापुरता. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पमधून बेस मोठ्याने वाजवला तर स्पीकरचा कोन फाटू शकतो, तेवढा बदल मात्र गरजेचा. कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प भिंतीपासून हातभर पुढे ओढला की खर्जाचा गदगदाट निवळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा, की स्वस्त वाद्य ते स्वस्तच, त्यावर मेहनत वाया. काही वाद्यांबाबत हे खरं आहे. दांडीला पीळ पडला असेल, ट्रस रॉड आवळून संपला असेल, पडदे झिजून सपाट झाले असतील आणि नवे बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीला भिडत असेल, तर तो बेस सोडून द्यावा. पण स्वस्त आणि वाईट यांत गल्लत होते. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१मध्ये हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेला हॉफनर हा काही उंची बेस नव्हता. बीटल्सचा सुरुवातीचा खर्ज त्यावरच वाजला. १९७२मध्ये चोरीला गेलेलं ते वाद्य परत मिळाल्याचं २०२४मध्ये जाहीर झालं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजनवर वर्षानुवर्षं त्याच तारा वाजवत, तुटेपर्यंत बदलत नसत, आणि त्या उंच ठेवत. मग तारा बदला, उंची लावा हा उपदेश कशाला? जेमरसनच्या तारा सपाट पट्टीने वेढलेल्या होत्या. अशा तारेला मळ साचायला खाचा नसतात, त्यामुळे तिचं म्हातारपण वेगळं, मऊ आणि गोल आवाजाचं. गोल वेढ्याच्या तारेत मळ खाचांत भरतो आणि ती मरते. जेमरसननी आपला स्वर ओळखून तो राखला. बेसवादक जॅको पास्टोरियसनी आपल्या जॅझ बेसचे पडदे उपटून खाचा भरल्या आणि दांडीवर बोटींसाठी वापरायच्या इपॉक्सीचा थर दिला. एकाने काही बदललं नाही, दुसऱ्याने वाद्य पार बदललं. दोघांनाही आपलं वाद्य आतून माहीत होतं.

तिसरं म्हणणं असं, की बेस दुरुस्त करणारे कुठे भेटतात? मोठ्या शहरांतही ते थोडेच. पण वर सांगितलेल्या कामांपैकी बरीचशी घरी होतात. सोल्डरिंगला रेडिओ-टीव्हीचा मिस्त्री पुरतो. घोडी आणि खाच यांचं गणित सतारवाल्याला आपल्याहून जास्त कळतं, फक्त त्याला वाद्य समजावून सांगायचा धीर हवा.

आणि कोणी म्हणेल, हौसेला हिशेब कशाचा, नवं वाद्य घरी आणण्याचा आनंद खरा असतो. तो खराच असतो. मात्र हौस म्हणजे कमी प्रतीचं काम, हे बागबाजारात तरी कोणी मानणार नाही. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात गिरीशचंद्र घोष आणि त्यांच्या मित्रांनी तिथे जी मंडळी जमवली, तिचं नावच बागबाजार अ‍ॅमेच्युअर थिएटर. याच वर्तुळातून पुढे नॅशनल थिएटर उभं राहिलं, आणि ७ डिसेंबर १८७२ला ‘नीलदर्पण’ हे नाटक तिकीट लावून झालं. हौशी माणसाजवळ एक गोष्ट धंदेवाईकापेक्षा जास्त असते, ती म्हणजे वेळ. रविवारची दुपार झाकण उघडून बसायला त्याला कोणी अडवत नाही.

खरेदीची खरी वेळही येते. गाण्याला चौथ्या तारेच्या खालचा खर्ज हवा असेल, तर सेकंदाला ३१ कंपनांच्या आसपास वाजणारी पाचवी तार कुठल्याही दुरुस्तीने मिळत नाही. हात लहान असतील तर ३० इंची बेस घेणं शहाणपणाचं. तेव्हा दुकानात किंवा जुनं वाद्य विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर अ‍ॅम्प आधी लावू नये. बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून घोडीकडून दांडीच्या कडा पाहाव्यात, दोन्ही एकसारख्या वाकल्या आहेत का, की एकीला पीळ आहे. मग विजेशिवाय, प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा वाजवावा आणि कुठे खरखरतं ते लक्षात ठेवावं. ट्रस रॉडचा स्क्रू दोन्हीकडे हलतो ना, हे विक्रेत्यालाच करून दाखवायला सांगावं. त्यानंतर केबल लावावी, बटणं सावकाश फिरवावीत, हात तारांवरून उचलावा आणि काही न वाजवता मिनिटभर नुसतं ऐकावं.