कोळंबीच्या सालीतून जखमेची पट्टी

तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना हात कापतो, माशाचा काटा रुततो. जखम उघडी ठेवून वाळवावी, हा आपला जुना समज. पण १९६२ साली ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगातून दाखवून दिले, की झाकून ओलसर राखलेली जखम लवकर भरते.

कोळंबी सोलून आपण जी साले फेकतो, त्यांतून कायटोसन काढतात. त्यात दुसरे पॉलिमर मिसळून विजेच्या प्रचंड दाबाने केसाहून बारीक तंतू ओढतात आणि जाळीदार पट्टी बनवतात. ती स्राव शोषते, हवा खेळू देते. कायटोसन रक्त थांबवण्यासही मदत करते.

बंधू-भगिनींनो, सालांची पूड मात्र घरी जखमेवर लावू नका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, झाका, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. मधुमेह असेल तर लगेच दवाखाना गाठा.